ट्रीटेड पाइनच्या डेकला फिनिश कोणतं द्यावं? गोव्याचा पावसाळा लक्षात घेऊन उत्तर

प्रश्न असा आहे: पेडणे तालुक्यात समुद्रापासून जवळच घर. मागच्या बाजूला स्लॅबवर साधारण ३५० चौरस फुटांचा उघडा डेक आणि त्याला लागून छपराखालचं बलकांव, म्हणजे बसायचा ओटा. दोन्हीकडे बाहेरून आयात झालेल्या ट्रीटेड पाइनच्या फळ्या, हिरवट झाक असलेल्या. मे महिन्यात बसवल्या आणि पावसाळाभर तशाच राहिल्या. पेंटर म्हणतो पीयू (पॉलियुरेथेन) मारू, मेस्त म्हणजे सुतार म्हणतो मेलामाइन, शेजारचे काका म्हणतात जळकं ऑइल ओता, बघायलाच नको. शिवाय माडीवरच्या खोलीत रबरवुडच्या, म्हणजे रबराच्या झाडाच्या लाकडाच्या, फळ्या टाकायच्या आहेत. कशावर काय लावावं?

आधी थोडक्यात सांगतो. उघड्या डेकवर पापुद्रा धरणारं काहीही नको, मग ते पीयू असो, मेलामाइन असो की इपॉक्सी. तिथे लाकडात मुरणारं, रंगद्रव्य घातलेलं, बाहेरच्या कामाचं वुड ऑइल लावा. बलकांवालाही तेच, तिथे ते बरंच जास्त टिकेल. माडीवरच्या खोलीत पीयू खुशाल मारा. जळकं ऑइल डोक्यातून काढून टाका. आणि यातलं काहीही तुळशीचं लग्न होईपर्यंत सुरू करू नका. आता कारणं सांगतो, कारण ती पक्की माहीत नसतील तर चकचकीत सॅम्पल समोर आलं की माणूस हमखास पीयूलाच हो म्हणतो.

ट्रीटेड फळी म्हणजे काय, तर लाकूड बंद सिलिंडरमध्ये घालतात, पंपाने आतली हवा ओढून घेतात आणि मग दाबाखाली औषधाचं पाणी त्यात घुसवतात. या औषधाने वाळवी आणि कुजवणारी बुरशी दूर राहते. काम एवढंच. पाणी शोषून फळी फुगणं, उन्हात आकसणं, तडकणं, वाकणं, राखाडी पडणं यातलं काहीही त्याने थांबत नाही. ‘ट्रीटेड आहे, आता काही करायला नको’ हे दुकानदाराचं बोलणं अर्धंच खरं आहे. फळी कुजणार नाही, पण तीन पावसाळ्यांत तिच्यावर अनवाणी चालवणार नाही अशी ती खडबडीत होईल. राहिलेलं अर्धं काम फिनिशचं.

औषध कोणतं आहे तेही विचारून घ्या. हिरवट झाक तांब्याची असते. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण, ज्याला धंद्यात सीसीए म्हणतात, ते १९३३ साली आपल्याच देशातल्या सोंती कामेशम या शास्त्रज्ञाने शोधलं आणि पुढे ते जगभर वापरलं गेलं. आर्सेनिकमुळे अमेरिकेत २००३ च्या अखेरीपासून घरगुती कामासाठी ते बंद केलं गेलं आणि त्याच्या जागी एसीक्यू आणि कॉपर अझोल ही आर्सेनिक नसलेली, पण तांब्याचं प्रमाण जास्त असलेली औषधं आली. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाकडच्या मालावर टोकाला शिक्का किंवा चिठ्ठी असते. एच३ म्हणजे उघड्यावर पण जमिनीच्या वर, एच४ म्हणजे जमिनीला टेकलेलं. डेकच्या फळ्यांना एच३ पुरतं. मातीत उभ्या राहणाऱ्या खांबांना निदान एच४ हवं. फिनिशच्या निवडीत सीसीए की एसीक्यू याने फारसा फरक पडत नाही. स्क्रू आणि धूळ यांत मात्र मोठा फरक पडतो, त्याकडे पुढे येतो.

रबरवुडची गोष्ट वेगळी आहे. त्याला बहुतेक वेळा बोरॉनची ट्रीटमेंट असते. बोरॉन रंगहीन असतं, किडीला चांगलं आवर घालतं, पण पाण्यात विरघळतं. पावसात ठेवलं की धुऊन जातं. म्हणून ‘हेही ट्रीटेडच आहे’ असं म्हणून कोणी उरलेल्या रबरवुडच्या फळ्या बलकांवाच्या कडेला ठोकायला निघाला तर थांबवा. ते लाकूड घरातच शोभतं.

आता मुख्य मुद्दा. फिनिश निवडताना लोक विचारतात, दिसेल कसं आणि टिकेल किती. मी आधी विचारतो, खराब होईल तेव्हा कसं होईल आणि त्या दिवशी मला काय करावं लागेल. उघड्यावरच्या फ्लोअरला दुसरा प्रश्नच खरा आहे. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत, आणि त्याआधी एप्रिल-मेचं ऊन फळीवर सरळ पडतं. भिंतीवर किंवा दारावर ऊन तिरकं लागतं आणि पाणी ओघळून जातं. फ्लोअरवर ऊन दिवसभर बसतं आणि पाणीही बसतं. वर पावलं, खुर्च्या, वाळू. अशा जागी कोणतंही फिनिश कायमचं टिकत नाही. महाग असलं तरी नाही.

पापुद्रा धरणारं फिनिश कसं जातं ते मी मांद्र्यातल्या एका होमस्टेच्या डेकवर जवळून पाहिलं आहे. पाइनच होतं, वर दोन घटकांचं पीयू, दिवाळीच्या सुमाराला मारलेलं. मार्चपर्यंत काचेसारखं दिसत होतं. पहिला मोठा पाऊस झाल्यावर स्क्रूच्या डोक्यांभोवती दुधाळ वर्तुळं उठली, मग फळ्यांच्या टोकांना. ऑगस्टमध्ये त्या वर्तुळाच्या कडेला नख लावलं तर बोटभर लांब पापुद्रा एका तुकड्यात उचलून आला. खाली लाकूड ओलं, काळं पडलेलं, आंबूस वास येणारं. पाणी स्क्रूच्या भोकातून आत गेलं होतं आणि वरच्या थरामुळे त्याला बाहेर पडायला वाट नव्हती. हे सगळं खरवडून, घासून मूळ लाकडापर्यंत यायला जी मजुरी लागली ती पहिल्या पॉलिशपेक्षा जास्त होती.

कारण सरळ आहे. पाइनची १४० मिलिमीटर रुंदीची फळी कडक उन्हाळ्यापासून भर पावसाळ्यापर्यंत दोन-तीन मिलिमीटर रुंदावते. लाकूड हलतं, वरचा कडक थर तेवढा हलत नाही. तो कुठेतरी चिरतो, बहुधा स्क्रूपाशी, गाठीपाशी किंवा टोकाला. केसाएवढी चीर पुरते. शिवाय पारदर्शक थरातून उन्हातले अतिनील किरण सरळ खाली लाकडापर्यंत जातात आणि लाकडाचे तंतू ज्याने एकमेकांना धरून असतात ते लिग्निन मोडतात. म्हणजे पॉलिश धड असतं, पण ते ज्याला चिकटलेलं असतं तो लाकडाचा पृष्ठभागच सुटतो. पेंटर म्हणेल, आमच्यात यूव्ही रोखणारं आहे. असतं, त्याने थोडा वेळ मिळतो, पण पावलांनी झिजणाऱ्या सपाट फ्लोअरवर फार नाही.

मुरणारं तेल वेगळ्या तऱ्हेने जातं. ते हळूहळू फिकट होतं. जिथे जास्त चालणं आहे तिथे आधी, खुर्च्यांखाली उशिरा. पापुद्रे निघत नाहीत, कारण वर थरच नसतो. पावसाचा थेंब मण्यासारखा उभा राहायचा थांबला आणि पसरायला लागला की समजायचं, वेळ झाली. तेव्हा धुवायचं, वाळवायचं, हलका कागद (सँडपेपर) फिरवायचा आणि पुन्हा एक हात द्यायचा. घरातला कोणीही रविवारी करू शकतो. खरवडणं नाही, केमिकल रिमूव्हर नाही. म्हणूनच मी उघड्या डेकला तेलाशिवाय दुसरं काही सुचवत नाही, मग गिऱ्हाइकाला चकाकी कितीही आवडत असो.

बाकीच्या सूचनांचा निकाल लावू. मेलामाइन हे फर्निचरचं, घराच्या आतलं पॉलिश आहे. कडक आणि ठिसूळ. बाहेर ते पिवळं पडून तडकतं. इपॉक्सीला ऊन अजिबात सोसत नाही, ते पिवळं होतं आणि खडूसारखं पांढरं पडतं. लाखेचं स्पिरिट पॉलिश जुन्या कपाटांवर देखणं दिसतं, पण पाणी सांडलं की पांढरा डाग, त्यामुळे बाहेरचा प्रश्नच नाही. बोटींवर मारतात ते मरीन व्हार्निश लवचिक असतं, रेलिंगला चालेल. पण तिथेही दरवर्षी घासून नवा हात द्यायची तयारी हवी. ऑइल पेंट किंवा डेक पेंटने रंग मनासारखा मिळतो आणि ऊन पूर्ण अडतं, हे खरं. पण तोही पापुद्राच, आणि चालण्याच्या वाटेवर आधी निघतो.

अळशीच्या तेलाचं मात्र बोलायला हवं, कारण जुनी माणसं ते आवर्जून सुचवतात आणि त्यांचा अनुभव खोटा नाही. माडीवरच्या जुन्या सागवानी फ्लोअरला, माट्टीच्या (ऐनाच्या) तुळयांना, शिंपल्यांच्या खिडक्यांच्या चौकटींना ते पिढ्यान्‌पिढ्या लावलं गेलं. पण ते सगळं छपराखाली होतं आणि लाकूडही मुळात टणक. उघड्यावर, आपल्या दमट हवेत नुसतं अळशीचं तेल म्हणजे बुरशीला खाऊ घालणं. जुलैमध्ये त्याच्यावर काळे ठिपके येतात आणि ते धुऊन जात नाहीत. दुकानात मिळणाऱ्या चांगल्या डेक ऑइलमध्येही पुष्कळदा पाया अशाच तेलाचा असतो, पण त्यात रेझिन, बुरशीनाशक आणि रंगद्रव्य घातलेलं असतं. फरक त्या तीन गोष्टींचा आहे. डब्यावर बाहेरच्या आडव्या पृष्ठभागासाठी, म्हणजे डेकसाठी, असं स्पष्ट लिहिलेलं हवं. फक्त ‘एक्स्टिरिअर’ लिहिलेलं असेल तर ते दारं-खिडक्यांसाठीही असू शकतं.

काजूच्या टरफलांच्या तेलाबद्दलही विचारणा होते. होड्यांना आणि वाशांना ते लावत आले आहेत आणि वाळवी त्याला भिते. पण ते अंगाला भाजतं, कातडीवर फोड येतात, आणि तुमच्या फळीला वाळवीचं संरक्षण आधीच आहे. जिथे माणसं अनवाणी बसणार-उठणार तिथे ते नको.

जळकं ऑइल म्हणजे गॅरेजमधलं वापरलेलं इंजिन ऑइल. कुंपणाच्या खांबांना लोक लावतात हे मला माहीत आहे. डेकवर ते कधीही पूर्ण वाळत नाही, पायाला आणि कपड्यांना लागत राहतं, पावसात निसरडं होतं, त्यात झिजलेल्या धातूंचे कण असतात आणि पावसाबरोबर ते खाली मातीत उतरतं. आपल्या चिऱ्याच्या जमिनीत पाणी सहज झिरपतं आणि विहीर बहुधा घराच्या मागच्याच बाजूला असते. शिवाय एकदा ते लाकडात मुरलं की पुढे त्यावर कोणतंही चांगलं फिनिश धरत नाही. काकांना नम्रपणे नाही म्हणा.

आता रंग. बिनरंगी तेल घेऊ नका. ऊन अडवतं ते रंगद्रव्य. तेल पाणी थोपवतं. बिनरंगी तेल लावलेली फळी काही महिन्यांत राखाडी होते. पारदर्शक तपकिरी रंगद्रव्यं ही बहुतेक लोहाच्या ऑक्साइडची असतात, लाकडाची रेषा दिसू देतात आणि अतिनील किरण बऱ्यापैकी शोषतात. हिरवट पाइनवर सागवानी किंवा तांबूस छटा बरी बसते, कारण तांबूस आणि हिरवा मिळून तपकिरी होतो. फिकट मधाळ छटा घेतली तर हिरवा खालून डोकावत राहतो. अगदी गडद अक्रोडी छटा सुंदर दिसते, पण एप्रिलच्या दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेवून बघा, मग ठरवा. मी मधली छटा घेतो. कॅटलॉगवर विश्वास ठेवू नका. तुमच्याच उरलेल्या तुकड्यांवर दोन-तीन छटा लावून आठवडाभर उन्हात ठेवा.

वेळ केव्हाची? आमच्याकडे सगळ्यांना चवथीच्या आधी घर सजवून हवं असतं आणि दरवर्षी पावसातच फोन सुरू होतात. भिंती एक वेळ रंगवून होतील, डेक नाही. ओल्या लाकडात तेल शिरत नाही, कारण शिरायला जागाच नसते. ते वर तरंगतं आणि चिकट राहतं. पाऊस गेल्यावर ऑक्टोबरमध्येही वरून कोरडी वाटणारी फळी आतून ओली असते. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. ओलावा मोजायचं दोन पिनांचं यंत्र मिळतं, ते मेस्ताकडे नसेल तर विकत घ्या, फार महाग नाही. आकडा १५ टक्क्यांच्या आसपास आला की निर्धास्त व्हा, १८ पर्यंत चालवून घेता येतं. तांब्याच्या क्षारांमुळे हे यंत्र ट्रीटेड लाकडात खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवतं, हेही ध्यानात असू द्या. यंत्र नसेल तर फळीवर चमचाभर पाणी शिंपडा. दहा मिनिटांत ते आत मुरलं तर लाकूड तेल घ्यायला तयार आहे. थेंब तसेच बसून राहिले तर एक तर ओल आहे, नाही तर रंध्याने पृष्ठभाग गुळगुळीत बंद झाला आहे.

पण वाळवण्याच्या नावाखाली पुन्हा वर्षभर उघडं ठेवू नका. एक पावसाळा तुमच्या फळ्यांनी आधीच खाल्ला आहे. वरचा राखाडी थर म्हणजे मेलेले, सुटे तंतू. त्यावर तेल लावलं तर ते तंतूंबरोबरच निघून जाईल. आधी धुलाई हवी. सोडियम परकार्बोनेट, म्हणजे ऑक्सिजन ब्लीचची पूड, कोमट पाण्यात कालवून ओतायची, पंधरा मिनिटं ठेवायची आणि नायलॉनच्या ताठ ब्रशने रेषेच्या दिशेने घासायचं. शेवाळ आणि राखाडी थर दोन्ही निघतात. फरशी धुवायचं साधं क्लोरीनचं ब्लीच नको, ते लाकडाचे तंतू पोखरतं आणि स्क्रूही गंजवतं. प्रेशर वॉशरची हौस असेल तर दाब अगदी कमी आणि नोझल लांब. नाही तर पाइनचा मऊ भाग उडून जातो आणि फळीवर लव उभी राहते. समुद्र जवळ असल्याने गोड्या पाण्याने भरपूर धुवा. मीठ हवेतली ओल ओढत राहतं, ते लाकडावर राहिलं तर तेल नीट वाळत नाही.

स्क्रूभोवती निळे-काळे डाग दिसत असतील तर ते लोखंडाचे. त्याला ऑक्झॅलिक ॲसिड. मोझेकची फरशी घासणारे जे वापरतात तेच, हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतं. पाण्यात विरघळवून डागावर लावायचं, थोड्या वेळाने भरपूर पाण्याने धुवायचं. विषारी आहे, हातमोजे घाला आणि मुलं-कुत्री दूर ठेवा. पण डाग काढून स्क्रू तेच ठेवले तर पुढच्या पावसात डाग परत येणार. तांब्याच्या औषधाने साधं लोखंड आणि पातळ झिंकचं पिवळं-पांढरं मुलामा असलेले स्क्रू वेगाने गंजतात, एसीक्यूमध्ये तर जास्तच. समुद्राजवळ ३१६ ग्रेडचे स्टेनलेस स्क्रू लागतात. तुमच्या मेस्ताने कोणते मारले ते आताच बघा. बदलायचे असतील तर तेल लावण्याआधी बदला. आणि एक गोष्ट त्याला निक्षून सांगा: भोकांत लांबी (पुट्टी) भरायची नाही, सीलर मारायचा नाही. लांबी पहिल्या पावसात निघून येते आणि सीलर मारला की तेलाला आत जायची वाटच बंद.

टोकं हा डेकचा सगळ्यात दुबळा भाग आणि सगळ्यात दुर्लक्षित. पायरीपाशी मेस्ताने जिथे फळी कापली असेल तिथे वाकून बघा. कडेने हिरवट वलय दिसेल आणि मध्ये पिवळट, कोरं लाकूड. औषध तिथपर्यंत पोचलेलंच नाही. पाइनच्या गाभ्याचं लाकूड औषध फारसं घेत नाही, आणि कापण्यामुळे तो गाभा उघडा पडतो. वर लाकडाच्या नळ्या टोकाकडे उघड्या असल्याने फळी तिथूनच सगळ्यात जास्त पाणी पिते. कापलेल्या प्रत्येक टोकाला ब्रशने कॉपर नॅफ्थेनेटचं औषध दोनदा लावा, ते वाळू द्या आणि मग तेल भरपूर, टोक प्यायचं थांबेपर्यंत. ड्रिल केलेल्या नव्या भोकांनाही तेच.

हे करतानाच खाली वाकून डेकच्या पोटातही बघा. आडव्या तुळया स्लॅबवर सपाट बसवल्या असतील आणि त्यांच्यामध्ये पाणी तुंबत असेल तर वर काहीही लावा, खालून ओल येतच राहणार. तुळयांखाली जाड रबर किंवा पीव्हीसीचे तुकडे सरकवून पाण्याला वाट करून द्या. फळ्यांमधल्या फटी ५-६ मिलिमीटरच्या हव्यात. त्यांत माडाची, आंब्याची पानं अडकून कुजत असतील तर पातळ पट्टीने काढून टाका.

धुतल्यावर तीन-चार कोरडे दिवस जाऊ द्या. मग ६० किंवा ८० नंबरचा कागद मारा, त्याहून बारीक नको. फर्निचरची सवय असलेला पॉलिशवाला २२० पर्यंत जायला बघेल. तिथे लाकूड इतकं गुळगुळीत होतं की तेल कमी मुरतं, आणि पावसात पायही घसरतो. या धुळीत तांबं आहे, कदाचित आर्सेनिकही. चांगला मास्क लावा, धूळ व्हॅक्यूमने गोळा करा. झाडून परसातल्या भाजीच्या वाफ्यात लोटू नका.

तेल लावण्याचा दिवस. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दंव पडतं, फळ्या नऊ-दहापर्यंत दमट असतात. ते सुकल्यावर सुरुवात करा आणि दुपारच्या तळपत्या उन्हात थांबा, कारण तापलेल्या फळीवर तेल मुरण्याआधीच वरून वाळतं. डबा तळापासून ढवळा, कामाच्या मध्येही ढवळत राहा. रंगद्रव्य खाली बसतं आणि शेवटची फळी पहिलीपेक्षा गडद होते. एका वेळी दोन-तीन फळ्या घ्या आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण करा, मध्ये थांबलात तर सांध्याचा पट्टा दिसतो. रंधलेल्या पाइनवर लिटरला साधारण ८० ते १०० चौरस फूट होतात. जुन्या, खडबडीत फळीवर कमी. पंधरा-वीस मिनिटांनी जे तेल मुरलेलं नाही ते सुती कापडाने पुसून घ्या. हे पुसणं टाळू नका. वर राहिलेलं तेल चिकट पापुद्रा बनतं, त्यावर धूळ बसते आणि मग लोक म्हणतात तेल वाईट होतं. जाड एक हात देऊ नका. पातळ दोन हात, दुसरा डब्यावर सांगितलेल्या वेळेत.

आणि हे मी प्रत्येक साइटवर स्वतः बघतो: तेलाची फडकी. बोळे करून कोपऱ्यात टाकलेली तेलकट फडकी वाळताना आपोआप तापतात आणि कोणी काडी न लावता पेट घेतात. बादलीभर पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर एकेक पसरून पूर्ण वाळवा आणि मगच टाका. रात्री सामानाच्या खोलीत पिशवीत भरून ठेवू नका.

बलकांवाला हीच पद्धत, फक्त तिथे थेट पाऊस आणि दिवसभराचं ऊन नसल्याने दोन-तीन वर्षांनी एक हात पुरेल. पश्चिमेकडून झड येत असेल तर बाहेरच्या दोन-तीन फळ्यांना डेकबरोबरच दरवर्षी द्या. माडीवरच्या खोलीत रबरवुडला पाण्याचा बेस असलेलं (वॉटर-बेस्ड) फ्लोअरचं पीयू उत्तम. ते पिवळं पडत नाही, वास कमी, आणि आत ऊन-पावसाचा मारा नसल्याने पापुद्रा टिकतो. तिथे मात्र कागद बारीक मारा आणि फळ्या त्याच खोलीत दोन आठवडे पडून राहू द्या, मगच बसवा. भिंतीच्या कडेने फट सोडायची. पावसाळ्यात खोलीतलं लाकूडही फुगतंच.

उघड्या डेकला पहिली दोन वर्षं दरवर्षी एक हात द्या, एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यात, सकाळच्या वेळी. कोरं पाइन सुरुवातीला खूप तेल पितं, नंतर कमी लागतं. पावसाळ्यात रबरी पाठीचे पायपुसणे आणि कुंड्या फळीवर थेट ठेवू नका. कुंडीखाली पाय असलेला स्टँड हवा. सप्टेंबरमध्ये शेवाळ चढलं तर साध्या साबणाच्या पाण्याने आणि ब्रशने काढा, बाकी धुलाई पाऊस संपल्यावर. याच छटेचं लिटरभर तेल आताच जास्त घेऊन ठेवा, डब्यावर तारीख लिहा, झाकण घट्ट बसवा.

उरलेले तुकडे आणि ढपल्या न्हाणीघरात पाणी तापवायच्या भाणीखाली जाळायला देऊ नका, आणि ती राख माडाच्या आळ्यात तर मुळीच नको. जळताना औषधातलं विष धुरात आणि राखेत उतरतं. कामावरच्या बायकांना हे आधीच सांगून ठेवा, कारण सुकलेलं पाइन दिसलं की ते भाणीकडेच जातं. पिशवीत भरून पंचायतीच्या सुक्या कचऱ्याबरोबर द्या आणि ट्रीटेड लाकूड आहे असं सांगा.

मोजून आलेला ओलाव्याचा आकडा आणि कापलेल्या टोकाचा फोटो पाठवलात तर तेल किती लिटर लागेल ते सांगतो.